मागच्या दाराचं लाकूड

"उद्या मी मागे बसणार," साइमा म्हणाली आणि कपात कॉफी ओतू लागली.

हेल्मी सकाळी दुलुथहून निघून नुकतीच पोचली होती. अंगातला कोटही अजून काढला नव्हता. आईने दारातच तिच्या हातात निसूचा जाड काप ठेवला होता, आणि त्या गोड पावातल्या वेलदोड्याच्या वासाने तिला जरा घरी आल्यासारखं वाटायला लागलं होतं, तोच हे वाक्य आलं.

"मागे म्हणजे कुठे?"

"मागे म्हणजे मागे. मधल्या सीटवर, तुझ्या बाबांच्या शवपेटीला लागून. पुढे डेल बसेल, टाउनोच्या शेजारी. तू माझ्याबरोबर."

"आई, तू त्या गाडीत कधी मागे बसली नाहीस."

"म्हणून तर."

हाकाला घराण्यातलं माणूस गेलं की ते लाकडी अंगाच्या मर्क्युरी गाडीतून जायचं. हेल्मीच्या बाबांनी, अर्मासने, १९४७ची ती वॅगन घेतली तेव्हा तो लाकडी गाड्यांच्या कारखान्यात सांधे जुळवायचं काम करत होता. कारखान्याने लाकूड सोडून पत्रा धरला, तसा अर्मास बाहेर पडला आणि घरामागच्या शेडमध्ये लोकांच्या जुन्या वॅगनी दुरुस्त करायला लागला. पुढे सेडानही यायला लागल्या. मिशिगनच काय, न्यूयॉर्कहून लोक गाड्या ट्रकवर लादून आणायचे. जानेवारीत, बर्फ खिडक्यांपर्यंत चढलेला असताना, अर्मास झोपेतच गेला. जानेवारीत इथल्या जमिनीत कुदळ शिरत नाही. हिवाळ्यात गेलेली माणसं दफनभूमीतल्या दगडी खोलीत ओळीने थांबतात आणि मे उजाडला की आपापल्या जागी जातात. अर्मासही थांबला होता. चार दिवसांपूर्वी पास्टरचा फोन आला, जमीन मोकळी झाली म्हणून.

हेल्मीची धाकटी बहीण आउनेही अशीच थांबली होती. साडेतीन वर्षांची पोर, मेंदूज्वराने दोन दिवसांत गेली, तेव्हा हेल्मी आठ वर्षांची होती आणि तिचा भाऊ टाउनो पाळण्यातून नुकता उतरलेला. धाकटा डेल तर जन्मलाच नव्हता. मे महिन्यात अर्मासने ती लहानशी पेटी स्वतः उचलून वॅगनमध्ये ठेवली आणि स्वतःच गाडी चालवत नेली. साइमा पुढे बसली होती. तेव्हापासूनच तो रिवाज पडला.

"तुला आठवतं ना," साइमा म्हणाली, "ती उभी राहायची मागच्या सीटवर. काच खाली करायला लावायची आणि दाराचं लाकूड चावत बसायची. चर्चला पोचेपर्यंत. तुझे बाबा ओरडायचे, अगं मुलगी आहेस का बीव्हर?"

"आठवतं," हेल्मी म्हणाली.

"दात उमटलेत तिथे. तुझ्या बाबांनी दुनियेच्या गाड्या घासून पुसून नव्या केल्या, पण त्या दाराला हात लावला नाही. रविवारी शेडमध्ये जाऊन मागे बसायचे. मी या खिडकीतून बघायची. मला म्हणायचे, चल. मी म्हणायची, पुढच्या रविवारी." साइमाने कप बशीत नीट ठेवला. "सगळा जन्म मी त्या दाराकडे पाठ करून पुढे बसले, हेल्मी. मान वळवायची हिंमत झाली नाही. आता ते गेलेत. आता माझी पाळी आहे. उद्या हात लावीन म्हणते."

हेल्मीने आईच्या हातावर हात ठेवला. मग सहज विचारल्यासारखं विचारलं, "गाडी चालू आहे ना पण? हिवाळ्यात पाहिलीस?"

"मी कशाला जातेय त्या बर्फावरून, या कमरेने? टाउनो सांगतो, सगळी नीट केलीय. थंडीभर शेडमध्येच होता."

"नीट म्हणजे?"

"ते मला काय विचारतेस. इंजिन असेल."

नुसत्या इंजिनासाठी टाउनो थंडीभर शेडमध्ये बसणार नाही, हे हेल्मीला ठाऊक होतं. निसूचा काप तिने टेबलावर ठेवला आणि ती शेडकडे निघाली.

शेडच्या उत्तरेला, सावलीत, काळपट झालेला बर्फ अजून होता. आत शिरल्यावर डाव्या हाताला कुणाची तरी पॅकार्ड सेडान ठोकळ्यांवर चढवलेली, चारही दारं काढून भिंतीला टेकवलेली. आणि मधोमध मर्क्युरी. खोटं कशाला बोला, गाडी सुंदर झाली होती. मॅपलची चौकट मधासारखी पिवळी, मधल्या फळ्या गडद तपकिरी, आणि वार्निशचे इतके हात दिलेले की खिडकीतलं आभाळ त्यात दिसत होतं. डेल कॅमेरा घेऊन तिच्याभोवती फिरत होता. टाउनो कामाच्या टेबलाला टेकून, हातातल्या फडक्याला उगीच घड्या घालत उभा होता.

"ये, ये," डेल म्हणाला. "डेट्रॉइटमध्ये नेली ना ही, तर लोक रांगा लावतील. बाबा आयुष्यभर बोलत राहिले, ते याने एका हिवाळ्यात करून टाकलं."

"बाबा कधी बोलले?" हेल्मीने विचारलं.

टाउनोने मान वर केली. गेली दोन वर्षं भावाबहिणीत कामापुरतंच बोलणं होतं. आईबाबांना दुलुथला आपल्याकडे न्यायचं हेल्मीने ठरवलं होतं, आणि टाउनोने त्यांना इथेच ठेवून घेतलं होतं. झाडं उपटून कुंडीत लावायची नसतात, असं काहीतरी तो तेव्हा बोलला होता. ते तिच्या मनात अजून होतं.

"आल्या आल्या सुरू?" तो म्हणाला.

 हेल्मी गाडीच्या उजव्या बाजूला गेली, मागचं दार उघडलं, हँडल फिरवून काच खाली घेतली आणि काचेखालच्या लाकडावरून बोटं फिरवली. या टोकापासून त्या टोकापर्यंत. लाकूड गुळगुळीत होतं. ती वळसा घालून डाव्या दाराशी गेली. आपलीच चूक होत असेल, तिला वाटलं, आठ वर्षांच्या पोरीला काय आठवणार. तिथेही तसंच होतं.

"दोन्ही दारांचं लाकूड नवं घातलंस?"

"दोन्ही. वरची पट्टी कुजली होती. काचेवरून पाणी उतरतं ना, तिथेच आधी सडतं. मागची चौकट, छताच्या तीन पट्ट्या, दोन्ही मागची दारं. बाकी वाचवलं." टाउनोच्या आवाजात नकळत उत्साह आला. "सांधा दिसतोय का कुठे? शोधून दाखव."

"आणि जुनं लाकूड?"

"जुनं जातं तिथे गेलं."

जुनं कुठे जातं हे हाकालांच्या घरात कुणाला सांगावं लागत नसे. अर्मासचे दोन नियम होते. स्क्रू ड्रायव्हरचं टोक लाकडात शिरलं की ते लाकूड गाडीतून बाहेर. आणि बाहेर आलेलं लाकूड शेडमध्ये ठेवायचं नाही, कारण ठेवलं की एक दिवस आळस येतो आणि माणूस तेच परत चिकटवतो. वार्निश खरवडायचं आणि सरळ सौनाच्या, म्हणजे घरालगतच्या वाफेच्या न्हाणीघराच्या, चुलीत. न्यूयॉर्कच्या श्रीमंतांच्या गाड्यांतलं लाकूड जाळून हाकालांनी वर्षानुवर्षं शनिवारी अंघोळी केल्या होत्या.

हेल्मी दाराच्या पायरीवर बसली. 

"काय झालं?" डेलने कॅमेरा खाली घेतला. "अगं, रंग उडाला तुझा."

मग तिने सांगितलं. आउनेचे दात, बाबांचे रविवार, आणि आईने आत्ता कॉफी ओतता ओतता काय म्हटलं ते. सांगताना ती टाउनोकडे बघत नव्हती.  शेवटी त्याने फडकं टेबलावर ठेवलं.

"मी पाहिलं होतं ते," तो म्हणाला. "खाचा होत्या. मला वाटलं, उंदीर."

"उंदीर," डेल म्हणाला.

"शेडमध्ये उंदीर असतातच. कुरतडलेलं दिसलं. वर टोक टोचलं तर आत गेलं. मग काढलं." टाउनो खाली बसला, आहे तिथे, जमिनीवर. "बाबांनी या गाडीला कधी टोक टोचलंच नव्हतं, हे माझ्या लक्षात आलं होतं. मला वाटलं, लोकांच्या कामांतून वेळ मिळाला नाही बिचाऱ्यांना. म्हटलं, आपण करू. शेवटचं तरी चांगल्या गाडीतून जातील."

"तुला विचारता येत नव्हतं कुणाला?" डेलचा आवाज चढला. मघाशी टाउनोचं कौतुक करताना त्याचं तोंड दुखत नव्हतं, आता तोच त्याच्यावर उलटला. "तोंड दिलंय ना देवाने? आईला विचारायचं. मला विचारायचं."

"तुला माहीत होतं?"

"मला नव्हतं. पण मी जाळलं नसतं काही न विचारता. तुमचं हे असंच आहे. बोलायचं नाही, सांगायचं नाही, सगळे मूग गिळून बसायचे, आणि मग असं काहीतरी करून ठेवायचं."

"डेल, पुरे," हेल्मी म्हणाली.

"तू त्याची बाजू घेतेस? तू?"

"त्याने फोन केला होता मला. फेब्रुवारीत. गाडी उघडतोय, तुला काय वाटतं, असं विचारायला. मी म्हटलं, आजवर मला विचारून काय केलंत. आणि ठेवला. तो विचारत होता आणि मी रुसून बसले होते. तेव्हा त्याला बोलायचं असेल तर मलाही बोल."

 डेल पॅकार्डपर्यंत जाऊन परत आला. घरात सगळ्यात धाकटा तो, भांडण मिटवायची त्याला घाई असायची, आणि त्या घाईत तो नेहमीच काहीतरी चमत्कारिक सुचवायचा.

"मग बनवू या," तो हळू आवाजात म्हणाला. "बनवायला काय लागतं? टाउनो, मागे एका माणसासाठी तू नव्या लाकडाला जुनं केलं होतंस. भोकं पाडली होतीस, चहाचं पाणी लावलं होतंस, त्याच्या बापालाही ओळखू आलं नसतं. एवढ्याशा चार खाचा. आई आयुष्यात त्या लाकडाला शिवलेली नाही. तिला काय कळणार?"

हेल्मीला वाटलं, टाउनो आता त्याच्या अंगावर धावून जाईल. पण टाउनो उठला आणि टेबलाशी गेला. पटाश्यांच्या ओळीतून त्याने सगळ्यात बारीक, गोल धारेची पटाशी काढली. अंगठ्यावर धार पाहिली. मग दाराशी येऊन तो ओणवा झाला, आणि हेल्मीला त्याच्या मानेवरचे पिकलेले केस दिसले. सदतिसाव्या वर्षीच त्याचे केस पिकले होते, आणि हे तिला आज दिसत होतं.

"किती दात होते?" त्याने विचारलं.

"काय?"

"वरचे किती, खालचे किती? एकाच जागी चावायची की सरकत जायची? मला सांग, मी करतो."

हेल्मीने डोळे मिटले. तिला निळी लोकरीची टोपी आठवली. टोपीखालून वाऱ्यावर उडणारे केस आठवले, लाकडावरची लाळ आठवली आणि ती आपल्या बाहीला लागू नये म्हणून आपण कसे सरकून बसायचो तेही. दात आठवले नाहीत.

"माहीत नाही रे," ती म्हणाली.

टाउनोने पटाशी जागेवर नेऊन ठेवली. "मी नीट पाहिलंच नाही तर बनवणार कसं?" तो म्हणाला. "आणि बनवलं तरी ते माझे दात होतील. मी सांगतो आईला."

"उद्या झाल्यावर सांग," डेल म्हणाला. "निदान बाबांना पोचवेपर्यंत..."

"काय सांगणार आहेस?"

साइमा शेडच्या दारात उभी होती. एका हातात काठी, दुसऱ्या हातात हेल्मीने टेबलावर टाकलेला निसूचा काप, कागदी रुमालात गुंडाळून आणलेला. कॉफी निवत होती आणि पोरं येत नव्हती, म्हणून ती स्वतःच उठून आली होती. हिवाळा लागल्यापासून शेडकडचं अंगण ती पहिल्यांदाच ओलांडत होती.

तिने गाडी पाहिली. तिचा चेहरा आधी खुलला, हे तिघांनीही पाहिलं, आणि तेच बघणं सगळ्यात अवघड गेलं. "अरे बापरे," ती म्हणाली. "आम्ही घेतली तेव्हाही एवढी छान नव्हती." मग ती थांबली. तिची नजर पुढच्या दारावरून मागच्या दारावर गेली, आणि तिथे उघड्या दारापाशी पोरं कशी उभी आहेत तेही तिला दिसलं. अर्मासची बायको होती ती. जुनं लाकूड आणि नवं लाकूड तिला लांबूनही कळायचं.

"टाउनो," ती म्हणाली.

"आई, मला माहीत नव्हतं."

"सगळं काढलंस?"

"कुजलं होतं गं."

"कुजलं होतं ते मला माहीत आहे. तुझे बाबा दर हिवाळ्याला तेल पाजायचे त्याला, चमच्याने पाजावं तसं. म्हणायचे, आपण आहोत तोवर टिकलं तर पुरे." ती चालत आली आणि मडगार्डला हात टेकून उभी राहिली. "तुझे हात थांबतच नाहीत. तुझ्या बाबांचेही थांबायचे नाहीत. पण एका जागी ते थांबले होते रे. एका जागी."

 टाउनोचे ओठ थरथरत होते, आणि एवढा मोठा पुरुष रडायला लागला तर काय करायचं, हे तिथे कुणालाच ठाऊक नव्हतं.

"लाकूड?" साइमाने विचारलं.

"सौनात."

"कधी?"

"फेब्रुवारीत. ती वादळं आली तेव्हा. सरपण ओलं झालं होतं, पेट घेत नव्हतं. मग ही पट्ट्यांची मोळी आत नेली."

साइमा आठवत राहिली. खिडकीतून येणारं ऊन गाडीच्या टपावर पडलं होतं. बाहेर कुणाचा तरी ट्रक उतारावरून गेला.

"त्या शनिवारी वाफ चांगली होती," ती म्हणाली. "लाकूड सुकं होतं ना. ऊब अंगात शिरत होती. तुझे बाबा गेल्यापासून त्या दिवशी पहिल्यांदा मला ऊब लागली. मी वरच्या फळीवर बसून राहिले. उतरूच नये असं वाटलं."

डेलने तोंड फिरवलं. हेल्मी आईजवळ गेली, पण साइमाने तिला हातानेच थांबवलं. तिला कुणाचा आधार नको होता. ती रडली, उभ्या उभ्या, काठी धरून, आवाज न करता, आणि तिघंही मुलं लहान असताना थांबायची तशी काही अंतरावर थांबून राहिली. आईला एवढं रडताना त्यांनी बाबा गेले तेव्हाही पाहिलं नव्हतं. हे बाबांसाठी नव्हतं. दुसऱ्याच एका माणसासाठी साठवून ठेवलेलं रडणं होतं ते, आणि आता ते साठवायला जागाच राहिली नव्हती.

मग तिने नाक पुसलं. "जाऊ दे," असं काही ती म्हणाली नाही. टाउनोला जवळ घेतलं नाही. फक्त म्हणाली, "उद्या बाबांना पोचवायचंय. सौना पेटवायला हवा. सगळ्यांनी अंघोळी करा." आणि आली तशी अंगण ओलांडून निघून गेली. निसूचा काप मडगार्डवर राहिला.

सौनाची चूल एरवी टाउनोच पेटवायचा. त्या संध्याकाळी त्याने लाकडं रचली, भूर्जाची साल खाली सरकवली, आणि काडीची पेटी हातात घेऊन तो तसाच उकिडवा बसून राहिला. हेल्मीने त्याच्या हातातून पेटी घेतली.

"ऊठ," ती म्हणाली. "मी करते."

"हेल्मी, आई उद्या गाडीत बसेल का?"

"मला माहीत नाही."

"नाही बसली तर मी बाबांना त्या काळ्या भाड्याच्या गाडीतून नेणार नाही. डेलच्या ट्रकमधून नेऊ. ही परत शेडमध्ये जाईल, आणि मी परत तिच्याकडे बघणार नाही."

"ऊठ रे," हेल्मी पुन्हा म्हणाली, आणि बऱ्याच दिवसांनी तिने भावाच्या पाठीवर हात ठेवला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मर्क्युरी दारापुढे उभी राहिली. घरूनच निघायचा रिवाज, म्हणून दगडी खोलीतून पेटी घरी आणून, मागची फळी खाली सोडून, चौघा शेजाऱ्यांनी ती आत सरकवली. डेलने दोर आवळला. टाउनो काळ्या कोटात चाकाशी उभा होता. रात्री त्याला झोप लागली नसावी, कारण दाढी करताना त्याने हनुवटी दोन ठिकाणी कापून घेतली होती.

साइमा पायऱ्या उतरून आली. पुढच्या दाराशी क्षणभर थांबली. डेलने ते दार उघडायला हात पुढे केला, पण ती तिथून पुढे गेली आणि मागच्या दाराशी उभी राहिली.

"हेल्मी," ती म्हणाली. "कोणत्या दाराला होतं गं?"

 हेल्मीला काल दोन्ही दारांवरून फिरवलेली स्वतःची बोटं आठवली. तिला निळी टोपी आठवत होती, टोपीमागे सरकत जाणारी झाडं आठवत होती, आणि टोपी आपल्या उजव्या हाताला होती की डाव्या, हे तिला कितीही आठवून पाहिलं तरी सांगता येत नव्हतं. आई वाट बघत होती. या एका प्रश्नाचं उत्तर देऊ शकेल असं जगात दुसरं कुणी उरलं नव्हतं, असंच हेल्मीला वाटलं.

"या," ती म्हणाली आणि उजवं दार उघडलं. काच खाली घेतली. नव्या लाकडावर, मधोमध नाही, जरा पुढच्या बाजूला, तिने बोट ठेवलं. "इथे. इथपासून इथपर्यंत."

"एवढंच?"

"लहान तोंड होतं, आई."

टाउनो गाडीच्या पलीकडून बघत होता. त्याने तोंड उघडलं, मिटलं, आणि खाली वाकून टायर तपासायला लागला.

साइमा आत बसली. हातमोजा काढला आणि हेल्मीचं बोट होतं तिथे आपला अंगठा ठेवला. चर्चच्या चढापर्यंत, चढावरून दफनभूमीच्या फाटकापर्यंत, तो तिथेच होता. थंड वारा आत येत होता आणि काच वर घेऊ का, असं कुणी विचारलं नाही. मध्येच एकदा ती हसली. "बीव्हर," ती पुटपुटली. हेल्मी दुसऱ्या बाजूच्या खिडकीतून बाहेर बघत बसली, कारण आईचा चेहरा बघणं तिला सोसत नव्हतं.

पास्टर थोडक्यात बोलले. अर्मासला आउनेशेजारी ठेवलं. माती ओली होती आणि फावड्याला चिकटत होती, म्हणून डेल आणि टाउनो दोघांनाही वेळ लागला. लोकांनी साइमाचा हात हातात घेतला आणि गाडी किती सुंदर झालीय ते टाउनोला सांगितलं. प्रत्येकाला तो "हं" म्हणत होता. मग साइमा स्वतःहून गाडीत जाऊन बसली, मागे, उजव्या दाराशी, आणि काच खालीच होती.

टाउनो बूट गवतावर घासत हेल्मीजवळ आला. आवाज एवढा खाली होता की तिला वाकावं लागलं.

"ते डाव्या दाराला होतं," तो म्हणाला.

"नक्की?"

"मीच काढलंय ते. डावं दार, मागच्या कोपऱ्यात. बोटभर लांब." त्याने मातीने भरलेले हात कोटाला पुसले. "सकाळीच सांगणार होतो. आईने अंगठा ठेवला, मग जमलं नाही. आता सांगू?"

हेल्मीने गाडीकडे पाहिलं. आईने कपाळ दाराच्या काठावर टेकवलं होतं, गाल लाकडाला लागला होता, आणि तिचे ओठ हलत होते. ती कुणाशी बोलत होती ते विचारायची गरज नव्हती.

"आता ते उजव्याच दाराला होतं, टाउनो," ती म्हणाली. "तुला कुणी विचारलं तरी."

तो बराच वेळ आईकडे बघत राहिला. मग त्याने होकारार्थी मान हलवली, पुढे जाऊन स्टिअरिंगशी बसला आणि गाडी सुरू केली.